पसंतीक्रमाचे मतदान नीट समजून घेऊन त्याचा पुरस्कार करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

आपण लिहिले आहे की रँक्ड चॉइस व्होटिंग, म्हणजे पसंतीक्रमाचे मतदान, वाचून आपल्याला पटले आहे. पण इतरांना सांगायला गेल्यावर “हे फार किचकट आहे” आणि “पहिला आलेलाच हरतो, हा कुठला न्याय” या दोन वाक्यांपाशी गाडी अडते. मी या पद्धतीच्या बाजूने बरीच वर्षे बोलत आलो आहे आणि माझे मत असे आहे की, तिचे गुण सांगण्याआधी तिची मोजणी स्वतःच्या हाताने करता आली पाहिजे आणि तिचे दोष विरोधकाच्या तोंडून ऐकण्याआधी आपल्याला ठाऊक असले पाहिजेत.

नियम थोडक्यात असा. जागा एकच असेल तर मतदार नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालतो. पहिल्या पसंतीत कोणाला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते मिळाली तर निकाल तेथेच लागतो. न मिळाल्यास सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, आणि बहुमत होईपर्यंत हेच चालते. जागा अनेक असल्या की याच कुळातली एकल संक्रमणीय मताची पद्धत येते, तिच्यात कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी ठरावीक मते, आणि कोट्याहून जादा मिळालेल्या मतांचे पुढच्या पसंतीकडे हस्तांतरण असते. या दोहोंची सरमिसळ केली की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो, म्हणून आधी एका जागेची पद्धत पक्की करावी.

अभ्यासासाठी मी सर्वांना १९६९ ची भारताच्या राष्ट्रपतिपदाची निवडणूक देतो, कारण तिच्याविषयी सर्वांनी ऐकलेले असते आणि आकडे फार थोड्यांनी पाहिलेले असतात. उमेदवार १५ होते, खरी लढत व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि चिंतामणराव देशमुख यांच्यात होती. या निवडणुकीत खासदार-आमदार मत देतात आणि त्यांचे एकेक मत एक न धरता ठरलेल्या मूल्याइतके मोजले जाते, त्यामुळे आकडे लाखांत आहेत: वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७, म्हणजे विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाले. गिरी १६,६५४ ने कमी पडले, खालचे उमेदवार बाद होत गेले, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७ तर रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आता वजाबाकी करून पाहा. बाद झालेल्यांच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली, गिरींकडे फक्त १८,५६२ आली, आणि १०,८३३ पुढे कोणाकडेच गेली नाहीत. “गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले” हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही, कारण त्या मतांशिवाय निम्म्याची रेषा ओलांडली गेली नसती, पण दुसऱ्या पसंतीत बाजी मारली होती ती रेड्डींनीच. ही वजाबाकी स्वतः केलेल्या माणसाला मोजणीविषयी सहसा दुसरे काही समजावावे लागत नाही.

याच्या जोडीला आयर्लंडची १९९० ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक ठेवावी, कारण “पहिला आलेला हरतो” या आक्षेपाचे उत्तर तिच्यात आहे. ब्रायन लेनिहन यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४४ टक्के मते होती, मेरी रॉबिन्सन यांना सुमारे ३९ आणि ऑस्टिन करी यांना १७. करी बाद झाले, त्यांच्या मतदारांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी पुढची पसंती रॉबिन्सन यांना दिली होती, आणि त्या निवडून आल्या. लेनिहन पहिले होते हे खरे, परंतु ५६ टक्के मतदारांनी त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाला तरी पहिली पसंती दिली होती हेही तितकेच खरे आहे, आणि ही पद्धत त्या ५६ टक्क्यांना आणखी एक प्रश्न विचारते, इतकेच. तो प्रश्न न विचारल्यास काय घडू शकते यासाठी फ्रान्सच्या २००२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी पाहावी, जिथे पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात: १६ उमेदवार, डाव्यांची मते अनेकांत विभागलेली, आणि डाव्यांचे प्रमुख उमेदवार लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर राहून १६.८६ टक्के मिळवणाऱ्या अतिउजव्या ल पेन यांच्या मागे पडले व दुसऱ्या फेरीबाहेर गेले.

लोकांपुढे बोलताना मी भाषण टाळतो आणि चिठ्ठ्या वाटतो. विषय बिनमहत्त्वाचा घ्यावा, सहलीचे ठिकाण किंवा गटाने पुढे वाचायचे पुस्तक. राजकीय पक्ष घेतले की मोजणी बाजूला राहते. टेबलावर पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावावेत, सर्वांत लहान गठ्ठा उचलावा आणि त्यातली एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचावी: “पहिली पसंती क, दुसरी अ”. मग ती अ च्या गठ्ठ्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवावी. “म्हणजे काहींना दोन मते मिळतात” हा आक्षेप येथे बहुधा आपोआप विरतो, कारण चिठ्ठी एकच आहे आणि प्रत्येक फेरीत ती एकाच गठ्ठ्यात असते, हे दिसते. कोणीतरी फक्त १ लिहून थांबलेले असतेच. ती चिठ्ठी वेगळी ठेवून सांगावे की हे मत येथे संपले.

अशा संपलेल्या मतांविषयी प्रामाणिक राहावे, कारण विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा तोच आहे. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत तिसरे आलेले निक बेगिच बाद झाले, तेव्हा त्यांच्या सुमारे निम्म्या मतपत्रिका सारा पेलिन यांच्याकडे गेल्या, चतुर्थांशाहून अधिक मेरी पेल्टोला यांच्याकडे, आणि सुमारे एक पंचमांश पुढची पसंतीच नसल्यामुळे संपल्या. म्हणून “विजेत्याला सर्व मतदारांचे बहुमत मिळते” असे म्हणू नये; बहुमत असते ते शेवटच्या फेरीत उरलेल्या मतांचे.

त्याच निवडणुकीत दुसरा, अधिक अवघड दोष दिसतो. मतपत्रिकांवरचे क्रम पाहिले तर बेगिच हे पेल्टोला आणि पेलिन या दोघींनाही समोरासमोर हरवू शकले असते, पण पहिल्या पसंतीची मते कमी म्हणून ते आधीच बाहेर पडले. व्हर्माँटमधल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत अँडी माँट्रोल यांचे असेच झाले, पुढच्याच वर्षी मतदारांनी ही पद्धत रद्द केली, आणि नंतर ती टप्प्याटप्प्याने परतही आणली. मधल्या, सर्वांना चालणाऱ्या उमेदवाराला ही पद्धत कधी कधी न्याय देत नाही, हे मान्य करावे. ते मान्य करूनही मी तिची बाजू घेतो, कारण साध्या सर्वाधिक मतांच्या पद्धतीत हा दोष आहेच, शिवाय तिथे मतदाराला दुसरी पसंती सांगण्याची सोयही नाही. डावपेचाचे मतदान, म्हणजे खरी पसंती बाजूला ठेवून हिशेबाने दिलेले मत, संपते असेही सांगू नये. तीन किंवा अधिक पर्याय असताना डावपेचापासून पूर्ण मुक्त अशी नियमपद्धती, एकाच्याच हाती निर्णय न देता, शक्य नाही, हे गिबर्ड आणि सॅटरथ्वेट या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात सिद्ध केले आहे.

वारे सतत अनुकूल असते असे नाही. ब्रिटनमध्ये २०११ च्या सार्वमतात ६७.९ टक्क्यांनी ही पद्धत नाकारली. अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि ओरेगॉन येथे तिचे प्रस्ताव पडले, तर वॉशिंग्टन डीसीत संमत झाले. म्हणून मोठ्या निवडणुकीच्या मागे लागण्याआधी, जिथे नियम बदलणे आपल्या हाती आहे अशा मंडळात, संघटनेत किंवा संस्थेत ती चालवून दाखवावी असा माझा आग्रह आहे.

“किचकट” या आक्षेपात तथ्य आहे, पण अडचण बहुधा क्रम लावण्याची नसते. चुकीच्या खुणेमुळे मत बाद होते, ही असते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत मतदान पसंतीक्रमानेच होते, आणि तिथे, म्हणजे शिकलेल्या मतदारांतही, हजारो मते अवैध ठरतात. म्हणून प्रस्ताव मांडताना मतपत्रिकेचा भरलेला नमुना सोबत द्यावा आणि नियमांत काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. सर्व पसंत्या देणे ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाप्रमाणे सक्तीचे की ऐच्छिक. आकडा मध्येच गाळला तर पुढचा धरायचा की नाही. आणि निकाल केव्हा जाहीर करायचा. न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली चाचणीच्या सुमारे १,३५,००० मतपत्रिका प्राथमिक आकड्यांत मिसळल्या गेल्या. ती चूक मतदानपद्धतीची नसून मोजणी करणाऱ्यांची होती, पण बोल पद्धतीलाच लागला. एखाद्या फेरीत सर्वांत तळाच्या दोघांची मते समान झाल्यास कोण बाद होणार, हे कलम लोक हमखास विसरतात. मागील फेरीत ज्याची मते कमी तो बाद, तीही समान असल्यास चिठ्ठी टाकावी, असे लिहिले की पुरे. मात्र ते मतदानाआधी लिहिलेले असावे.