खाण गेली, भुईचा शोध घ्या

ताई, आजोबांच्या पेटीत पोर्तुगीज शिक्क्याचा खाण कन्सेशनचा (खाणकामाच्या हक्काचा) कागद सापडला, 'गोव्यातली डिचोलीची खाण आपलीच' असं काका म्हणतात आणि हक्क परत मिळवून देतो म्हणून एक मध्यस्थ आगाऊ रक्कम मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नका.

1906 च्या पोर्तुगीज कायद्याखालच्या कन्सेशनांना मुदत नव्हती, म्हणून काकांना तो हक्क कायमचा वाटतो. पण संसदेने 1987 च्या कायद्याने ती रद्द केली आणि 20 डिसेंबर 1961 पासून त्यांची लीज झाली असं धरलं. त्या लीज 22 नोव्हेंबर 2007 ला संपल्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरणही रद्द झालं. आता खनिज लिलावाने जातं. या कागदावर ते मागता येणार नाही.

जमिनीचं तसं नाही. वरची भुई आजोबांची असेल तर ती आजही कुटुंबाची असू शकते, आणि तिथे कुणी लीजधारक काम करणार असेल तर खाण कायद्याच्या कलम 24अ खाली नुकसानभरपाई मिळते. माझ्या मते तुमचा खरा वारसा इथे आहे, आणि तो शोधण्यासारखा आहे.

त्यासाठी सब-रजिस्ट्रारकडच्या जुन्या लँड रजिस्ट्रेशनच्या पुस्तकांत आजोबांच्या नावाचं देस्क्रिसांव, म्हणजे मिळकतीच्या वर्णनाची नोंद, काढा. त्यात सर्व्हे नंबर नसतो. जागेचं नाव आणि चतुःसीमा असतात: पूर्वेला ओहोळ, दक्षिणेला अमक्याचं भाट (बागायत). त्या सीमा मात्रीझच्या (जुन्या कर-नोंदवहीच्या) नोंदीशी आणि आजच्या सर्व्हे नकाशाशी जुळवा, मग नमुना 1 व 14, म्हणजे आजचा हक्कनोंदीचा उतारा, काढा. त्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं तरी घाबरू नका. गोव्याच्या जमीन महसूल संहितेच्या कलम 105 प्रमाणे ती नोंद खरी धरतात, पण पुराव्याने खोडता येते.

आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची कोर्टातली कार्यवाही, झाली होती का, हेही बघा. गोव्याच्या कायद्याने सहसा अर्धा वाटा आजीचा असतो आणि मुलींना मुलांइतकाच हिस्सा मिळतो. म्हणजे आत्यांना वगळून काका एकटे काही विकू शकत नाहीत.

मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. प्रमाणित नकला मिळाल्या की चतुःसीमांची पानं आणि सर्व्हे नकाशा मला पाठवा.