चोक सोडला की बुलेट बंद

प्रश्न : माझी जुनी बुलेट 350, मिककार्ब कार्ब्युरेटरची. चोक सोडला की बंद पडते. गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिनचा वेग लवकर खाली येत नाही. हवेचा स्क्रू दोन फेऱ्या बाहेर काढला, तर उलट त्रास वाढला. (एक वाचक, कराड)

उत्तर : वाढणारच! तो स्क्रू बाहेर काढाल तितकी हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि तुमच्या गाडीला पेट्रोल आधीच कमी पडतंय. आत घेऊन हलकेच टेकवा, मग दीड फेरी बाहेर सोडा. पण आधी हवेची गळती शोधा. चालू इंजिनवर कार्ब्युरेटर आणि हेडच्या सांध्यावर दोन थेंब तेल सोडा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय. सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या जुन्या बुलेटचा फ्लँज (कार्ब्युरेटरची हेडला बसणारी सपाट कड) हमखास वाकलेला असतो, नट फार आवळल्यामुळे. कार्ब्युरेटर काढून ही कड काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासा. चकाकी आधी दोन्ही कानांवर (नट बसतात त्या टोकांवर) येते, मधला भाग मळकटच राहतो. सगळीकडे सारखी आली की थांबा, नवी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) टाका. मग पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा. कृपा करून त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवा, हवा मारा. स्क्रूचं शेवटचं सेटिंग मात्र इंजिन गरम असतानाच.