तीन-चार बिंदूंवर घंटाकृती (गाउसियन) वक्र बसवताना

सॉल्व्हर (वक्र बसवणारं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी पार्श्वभूमी, म्हणजे शिखराखालचा सपाट पाया, वजा करा. बहुतेक चुका इथेच होतात: पाया शिल्लक राहिला की वक्र विनाकारण रुंद येतो.

मग उंचींचे नैसर्गिक लॉगरिथम घ्या. घंटेचा पॅराबोला होतो. समजा समान अंतरावरच्या तीन चॅनेलमध्ये (मोजणीच्या शेजारशेजारच्या कप्प्यांत) ४०, १००, ६० उरले. लॉग ३.६८९, ४.६०५, ४.०९४. मधल्याची दुप्पट वजा बाजूचे दोन्ही = १.४२७. हा आकडा शून्य किंवा ऋण आला तर तिथे शिखरच नाही, पुढे जाऊ नका. शिखर मधल्या चॅनेलपासून उजवीकडे (४.०९४ − ३.६८९) ÷ (२ × १.४२७) = ०.१४ चॅनेल. सिग्मा (घंटेच्या रुंदीचं माप) = १ ÷ √१.४२७ = ०.८४ चॅनेल, अर्ध्या उंचीवरची रुंदी त्याच्या २.३५५ पट.

तीन बिंदू, तीन अज्ञात (उंची, जागा, रुंदी): वक्र तंतोतंत बसणारच, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. चौथा बिंदू हवाच. पण जास्त बिंदू घेतलेत की लॉगमुळे शेपटीतल्या छोट्या आकड्यांचा गोंगाट फुगतो, म्हणून प्रत्येक बिंदूला उंचीच्या वर्गाइतकं वजन द्या. वजाबाकीनंतर शून्य वा ऋण झालेले बिंदू लॉगमध्ये चालत नाहीत; ते गाळण्यापेक्षा वरची उत्तरं सुरुवातीचा अंदाज म्हणून देऊन लॉग न घेतलेल्या आकड्यांवरच लघुतम वर्ग पद्धत (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी) चालवा.