वाचकांचे प्रश्न : स्निग्ध पदार्थ, टेस्टोस्टेरॉन आणि अपत्यप्राप्ती

प्रश्न : माझे वय ३४ आहे. वजन कमी करण्यासाठी काही महिन्यांपासून मी तेल व इतर स्निग्ध पदार्थ जवळजवळ वर्ज्य केले आहेत. आता आम्हाला मूल हवे आहे. स्निग्ध पदार्थ सोडल्याने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) घटते, असे वाचनात आले. मी ते पुन्हा भरपूर खावेत का?

उत्तर : भरपूर खाऊ नयेत, पण वर्ज्यही करू नयेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीकडून संप्रेरकाचा संदेश आला की वृषणांतील लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन तयार करतात. शरीर मात्र बरेचसे कोलेस्टेरॉल स्वतःच बनवते, त्यामुळे आहारात स्निग्ध पदार्थ वाढवले म्हणून टेस्टोस्टेरॉन त्याच प्रमाणात वाढत नाही. उलट बाजूने पाहिल्यास, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सहा प्रयोगांतील २०६ पुरुषांची माहिती एकत्र केली होती आणि त्यात कमी स्निग्धांशाच्या आहाराने टेस्टोस्टेरॉन सरासरी १० ते १५ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. ही घट मोठी नाही आणि प्रयोगही लहान होते; तरीही अपत्याची इच्छा असताना स्निग्ध पदार्थ संपूर्ण तोडणे मला योग्य वाटत नाही.

वजन कमी करण्याचा आपला हेतू मात्र सोडू नका. चरबीच्या पेशींतील अ‍ॅरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते आणि स्थूल पुरुषांचे वजन उतरल्यावर टेस्टोस्टेरॉन बहुधा वाढते.

माझ्या मते आपल्यासाठी प्रमाणाइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा आहे तो मेदाम्लांचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांतील मूळ घटकांचा (फॅटी अ‍ॅसिड), प्रकार. शुक्राणूच्या आवरणात डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे आवरण लवचिक राहते, जे शुक्राणूची हालचाल आणि बीजाशी होणारा संयोग या दोन्हींसाठी आवश्यक असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका प्रयोगात निरोगी तरुणांनी १४ आठवडे रोज ६० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट खाल्ले, तेव्हा त्यांच्या शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार यांत सुधारणा दिसली. वंध्यत्व असलेल्या पुरुषांना हाच लाभ होईल, असे यावरून म्हणता येत नाही, परंतु मासे, सुका मेवा आणि असंतृप्त मेदाम्ले असलेली तेले बेताने घेण्यास हरकत नाही. ट्रान्स फॅट, म्हणजे प्रामुख्याने प्रक्रिया केलेल्या तेलांत आढळणारे घातक मेद, टाळावेत. एकूण ऊर्जेत त्यांचा वाटा एक टक्क्यापेक्षा कमी असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आहार बदलल्यानंतर तीन महिन्यांपूर्वी वीर्यतपासणीत फरक शोधू नका. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, किंवा पत्नीचे वय ३५ हून अधिक असल्यास सहा महिन्यांतच, दोघांनीही तपासणी करून घ्यावी. या काळात टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल स्वतःहून कधीही घेऊ नका, कारण बाहेरून मिळालेल्या संप्रेरकामुळे पीयूषिका ग्रंथीचा संदेश मंदावतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ थांबू शकते.