यजमानांची सही ही तुमची संमती नव्हे

प्रश्न: मी इंदूरची, वय ३२. एचएसजीत (ट्यूबच्या एक्स-रे तपासणीत) दोन्ही ट्यूबमध्ये, म्हणजे गर्भनलिकांमध्ये, पाणी भरल्याचं आलं. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून बघू, जमलं तर ट्यूब मोकळ्या करू. मी तेवढ्यावर सही केली. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही ट्यूब काढलेल्या. मधेच बाहेर यजमानांची सही घेतली होती. आता आयव्हीएफशिवाय (टेस्ट ट्यूब बेबीशिवाय) मार्ग नाही. १४ महिने झाले. तक्रार करता येईल का?

उत्तर: ताई, येईल. पण ‘ट्यूब काढायलाच नको होत्या’ या मुद्द्यावर जाऊ नका, तिथे केस पडेल. पाणी भरलेल्या ट्यूबमधला द्रव गर्भाशयात झिरपतो आणि गर्भ रुजण्यात अडथळा आणतो. म्हणून आयव्हीएफच्या आधी अशी ट्यूब काढणं किंवा गर्भाशयाजवळ बंद करणं हा मान्य उपचार आहे. समोरचे तज्ज्ञ हेच सांगतील, आणि ते खरंच आहे.

तुमचा मुद्दा वेगळा. दोन्ही ट्यूब गेल्या की नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची वाट बंद होते. तो निर्णय तुमचा होता आणि तुम्हाला विचारलंच नाही. भूल उतरू देऊन, सांगून, हवं तर दुसऱ्यांदा ऑपरेशन करता आलं असतं. ट्यूबला पीळ पडला होता किंवा आत पू झाला होता, अशी नोंद निघाली तर मात्र तातडीचा बचाव उभा राहील.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच ठरवलं. संमती तपासणीच्या दुर्बिणीची होती. रुग्ण भुलेत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडाशय, नलिका सगळं काढलं. रुग्ण सज्ञान, जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून आईची संमती न्यायालयाने धरली नाही. भरपाई मात्र २५ हजारच मिळाली, आणि डॉक्टरांना फी नाकारली. आकड्याची आशा बेतानेच ठेवा.

शिवाय वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत ७.१६ पाहा: वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला पती आणि पत्नी दोघांची संमती लागते. एकट्या यजमानांची सही पुरत नाही.

आता कागद. दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या जपण्याची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच. सहमति पत्र, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाचा तक्ता, काढलेल्या ट्यूबचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (प्रयोगशाळेतल्या तपासणीचा अहवाल) आणि बिल, हे सगळं हवं. सहमति पत्राची मूळ प्रत डोळ्यांनी बघून या. ‘गरज पडल्यास ट्यूब काढणे’ ही ओळ वेगळ्या शाईत, कडेला कोंबलेली असते असा प्रकार घडतो. यजमानांच्या सहीची वेळ आणि तक्त्यातली भूल दिल्याची वेळ शेजारी ठेवा: सही नंतरची असेल तर तुम्ही भुलेत होतात, हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होतं.

ग्राहक तक्रारीला मुदत २ वर्षं, म्हणजे तुमच्या हातात १० महिने. पैसे भरून उपचार घेतले असतील तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर कोर्ट फी शून्य. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार भोपाळला, मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे वेगळी करता येते, पण तिथून भरपाई मिळत नाही.

यजमानांवर राग धरू नका. दाराशी नेमकं काय सांगून त्यांची सही घेतली, किती मिनिटं दिली, ट्यूब एक म्हणाले की दोन, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. त्यांचं शपथपत्र तुमच्याच बाजूने लागणार आहे.