चिठ्ठीवरची ‘बीडी’ आणि ‘एसओएस’: वाचकांचे प्रश्न, मेडिकलच्या काउंटरवरून उत्तरं

प्रश्न: आईने निपाणीत आयुष्यभर विड्या वळल्या. मागच्या महिन्यात ती कोल्हापूरला ॲडमिट होती, डिस्चार्जची चिठ्ठी घेऊन इथल्या मेडिकलमध्ये गेलो तर तिथला मुलगा दुसऱ्याला म्हणाला, ही बीडी आहे, ही एसओएस. आईला वाटलं विडीमुळेच आजारी पडले असं डॉक्टरांनी लिहिलंय, दोन दिवस नीट जेवली नाही. खरा अर्थ काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर: आधी आईंना सांगा की त्या कागदावर त्यांच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, बस्स. लॅटिनमधल्या ‘बिस’ म्हणजे दोनदा, त्यावरून ते आलंय. तसंच टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, आणि ओडी म्हणजे दिवसातून एकदा. चिठ्ठीच्या डोक्यावर जे आरएक्स असतं ना, ते पण लॅटिनच, ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’.

एसओएस ऐकून लोक घाबरतात, पण इथे त्याचा अर्थ ‘लागली तरच’ इतकाच आहे. उलट होतं काय, की तापाची गोळी एसओएस लिहिलेली असते आणि घरी ती रोज तीन वेळा चालू राहते, ताप उतरून आठवडा झाला तरी. म्हणून एसओएस दिसलं की दोन गोष्टी विचारायच्या: दोन गोळ्यांत किमान किती तास, आणि दिवसात जास्तीत जास्त किती.

आपल्याकडे 1-0-1 पण लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मला हेच जास्त आवडतं कारण शाळेत फार न गेलेल्या आज्जीलाही ते कळतं. आणि आपल्या भागात तर चिठ्ठी मिरजेची असते, दुकान चिक्कोडीचं, पाकिटावर लिहिणारा मुलगा कन्नड शाळेत शिकलेला. तो ‘ऊटद नंतर’ लिहितो, त्यातलं नंतर आपल्याला ओळखीचं वाटतं म्हणून जेवणानंतर हे कळून जातं, पण ‘ऊटक्के मोदलु’ म्हणजे जेवणाआधी हे कन्नड न येणाऱ्या माणसाला कुठून कळणार. न लाजता सांगायचं, बाबा रे मराठीत लिही नाहीतर आकडे लिही. कुणी नाही म्हणत नाही.

प्रश्न: चुलत्यांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलीय. डॉक्टर तोंडी म्हणाले होते आठवड्यातून एकदा, पण दुकानातून आलेल्या पाकिटावर फक्त ‘रात्री 1’ आहे. नेमकं काय करायचं? – खानापूर तालुक्यातून

उत्तर: हा प्रश्न वाचला आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. आज चुलत्यांना विचारा की आतापर्यंत किती गोळ्या खाल्ल्या. रोज घेतली असेल तर वाट बघू नका, आजच्या आज डॉक्टरांना फोन करा आणि त्यांना दाखवून आणा, तोंडात फोड आलेत का, ताप आहे का तेही सांगा. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी इतक्या कमी होऊ शकतात की जीवावर बेततं. सोबत बहुतेक वेळा फॉलिक ॲसिड देतात, दोन्ही पिवळ्या गोळ्या असल्या तर घरात अदलाबदल होते, म्हणून स्ट्रिप वेगवेगळ्या डब्यात ठेवा. डॉक्टरांना विचारून एक वार पक्का करा, गावच्या बाजाराचा वार असला तर लक्षात राहतो, आणि त्या वाराचं नाव पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

अशा चुका वाईट हेतूने होत नाहीत, घाईने होतात. मी नवीन असताना इन्सुलिनच्या एका चिठ्ठीवर 4 च्या पुढे युनिटचा यू होता, हाताने लिहिलेला, आणि मी तो शून्य समजून 40 वाचला. म्हातारे गृहस्थ म्हणाले, पोरा मी तर चारच घेतो. त्या एका वाक्याने ते वाचले आणि मीपण. अजून आठवलं की हात गार पडतात. तेव्हापासून मी प्रत्येकाला औषध हातात देण्याआधी विचारतो, हे कशासाठी आणि कधी घेणार सांगा बघू. हायड्रॉक्झिझिन खाजेसाठी असतं आणि हायड्रॅलाझिन बीपीसाठी, गिचमिड अक्षरात दोन्ही सारखीच दिसतात, पण पेशंटने ‘खाज सुटते’ म्हटलं की घोळ तिथल्या तिथे मिटतो. जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा असं मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये डॉक्टरांना सांगितलंय, तेव्हा नाव नीट लिहून मागायला संकोच करू नका.

प्रश्न: मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवली तरी मेडिकलवाला अँटिबायोटिक देत नाही, नवीन आणा म्हणतो. हा अडवणुकीचा प्रकार नाही का? – शहापूर, बेळगाव

उत्तर: नाही हो, तो बरोबर करतोय. औषधांचे नियम 1945 चे आहेत, त्यात शेड्यूल एच आणि एच1 अशा याद्या आहेत, त्यांतली औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायची. म्हणून दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायची असते. एच1 हा वर्ग 1 मार्च 2014 पासून लागू झाला, सुरुवातीला 46 औषधं होती, त्यात बरीच अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं. त्यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद होते: डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं. ते रजिस्टर 3 वर्षं सांभाळावं लागतं. गेल्या वर्षीचं दुखणं आणि आत्ताचं एकच असेल असं तुम्ही धरून चाललाय, ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

पण तोच दुकानदार ‘ही कंपनी नाही, दुसरी देतो’ म्हणून परस्पर बदलत असेल तर मात्र तुम्ही अडवा. या वर्गांतल्या औषधांच्या जागी दुसरं औषध स्वतःच्या मनाने द्यायला नियमात बंदी आहे, डॉक्टरांना फोन करून विचारा म्हणायचं.

प्रश्न: कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात चालते का? – चंदगड रोडवरून एक वाचक

उत्तर: चालते. कायदा केंद्राचा आहे, राज्याची हद्द आडवी येत नाही. फक्त चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, आणि डोस व एकूण किती गोळ्या हे असायला पाहिजे. यातलं काही राहिलं असेल तर तिथून निघायच्या आधीच लिहून घ्या, नाहीतर एका तारखेसाठी परत गाडी पकडावी लागते.