गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा जवळजवळ नेहमी बाहेरच्याच बाजूला का जाते?

कारण मांडीचा पुढचा स्नायू वाटीला सरळ वर नाही, किंचित बाहेर तिरका ओढतो. वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत फिरते. खोबणीची बाहेरची कड उंच असते खरी, पण पाय सरळ असताना वाटी खोबणीच्या वर असते, तिथे कड कामाची नाही. पाय सरळ ठेवून मांडी सैल सोडा, वाटी बोटाने हलेल; गुडघा वाकवा, घट्ट बसेल. वाकण्याच्या पहिल्या 20-30 अंशांत तिला मुख्यतः आतल्या बाजूचं एमपीएफएल हे पातळ लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) धरून ठेवतं. म्हणून पाय रोवलेला, गुडघा जरासाच वाकलेला आणि अंग गर्रकन वळलं (कबड्डीवाल्यांनो, ऐकताय ना?) की वाटी निसटते आणि हे लिगामेंट बहुधा फाटतं. वाटी आपोआप जागेवर आली तरी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवाच. आत कूर्चेचा (हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा) तुकडा सुटलेला असू शकतो.